भावाच्या ट्रकाला साखळी

धाकट्या भावाच्या अंगावरून वारं गेलं, डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, आणि त्या दिवसापासून त्याचा ट्रक घरापुढच्या अंगणात उभा राहिला. आधी टायरं बसली. मग केबिनीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मागच्या फाळक्यावर कारल्याचा वेल चढला, तो कुणी उतरवला नाही. भाऊ ओट्यावर खाट टाकून बसायचा आणि दिवसभर त्या ट्रकाकडं बघायचा.

आमचं गाव खोडदच्या अलीकडं. दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या आमच्या वावरातून दिसतात. त्यांची तोंडं रोज वेगळ्या दिशेला असतात. भावाचं तोंड मात्र ट्रकाकडंच.

त्याचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, शनिवारी घरी येतो. त्याला त्या जागेवर कांद्याची चाळ बांधायची होती. त्यात वाईट काही नव्हतं. चाळ नसली की कांदा सडतो, हे आम्ही पण बघितलंय. त्यानं मंचरचा एक भंगारवाला गाठला. दिवाळी झाली की तो क्रेन घेऊन येणार, साखळी लावणार आणि ट्रक ओढून नेणार, असं ठरलं.

गाडी विकायला भावाची ना नव्हती. "इका," म्हणाला. "चालवणारा उरला न्हाई तर ठिवून काय पूजा करायची? पर ओढून न्यायची न्हाई. आपल्या पायानं जाईल ती. मी जित्ता असताना माझ्या गाडीला साखळी लागायची न्हाई."

"आवो आबा, इंजन जाम झालंय," मुलगा म्हणाला. "आपल्या पायानं जाईल कशी?"

 भावानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी तिथं नुसता चहा प्यायला गेलो होतो.

हे साखळीचं त्याचं जुनं आहे. उभ्या जन्मात त्यानं गाडी ओढून आणू दिली नाही. एकदा माळशेज घाटात स्प्रिंगचा पाटा तुटला तेव्हा मागनं येणारे ड्रायव्हर साखळी घेऊन उतरले, तर यानं त्यांना हाकलून दिलं. गाडीखाली पोतं टाकून झोपला आणि निरोप धाडला, दादाला म्हणावं पाटा घेऊन ये. मी एसटीच्या टपावर पाटा टाकून घाटात गेलो आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसवून दिला. मला शिव्या दिल्या नाहीत त्यानं, आभार पण मानले नाहीत. गाडी चालू केली आणि म्हणाला, "बस." तेव्हा माझे गुडघे चांगले होते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं नारायणगावात एका गॅरेजात हाताखाली राहिलो, मग रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. जन्म त्यात गेला. डोळ्यांना बारीक दिसेना आणि खाली बसलं की उठवेना, तेव्हा गॅरेज बंद केलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, आता पाना धरणार नाही. आणि त्या दिवशी चहा संपायच्या आत मी बोलून गेलो, "दिवाळीच्या आत चालू करून देतो."

घरी येताना वाटलं, काय बोललो हे. पण बोललो ते बोललो.

आमची मंडळी म्हणाली, "चप्पल घालाया वाकता येत न्हाई तुमाला, आन इंजन बांधाया निघालात."

"चपलीत पिस्टन नसतो," मी म्हणालो.

गाडी एखाद्या गॅरेजात लावा असं पुतण्या म्हणत होता. लावायची तर तिथवर न्यायची कशी? ओढूनच ना? म्हणजे काम अंगणातच करणं आलं. शिवाय मी दुसऱ्याच्या गॅरेजात गाडी लावून बाकड्यावर बसून राहू, हे माझ्यानं झालं नसतं.

गणपती उठले आणि आम्ही इंजिन उतरवलं. तीन लोखंडी पाइप वरती एकत्र बांधले, त्यांना चेन-पुली अडकवली. पुतण्या आणि शेजारची दोन माणसं साखळी ओढत होती, मी इंजिनाला हात लावून उभा होतो. इंजिन वर आलं तसा भाऊ ओट्यावरून ओरडला, "हळू! हळू रे! बाळंतीण हाय का काय हाय बघा तरी!" इंजिन लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवलं. पुतण्या रविवारी संध्याकाळी चाकणला गेला आणि मग मी, भाऊ आणि ते इंजिन असे तिघंच राहिलो.

लोक म्हणतात, जुनं काम हाताला आठवतं. हाताला आठवतं, पण अंगाला झेपत नाही. एक नट ढिला करायचा म्हणजे आधी त्यावर डिझेल सोडायचं, मग बसून राहायचं, मग पाना लावून पाइप घालून सगळं वजन टाकायचं. माझं वजन आता राहिलंय किती! एकेका नटापायी सकाळ जायची. पिस्टन सिलिंडरांच्या लायनरात गंजून बसले होते. लाकूड लावून ठोकले, हलले नाहीत. डिझेल भरून ठेवलं, हलले नाहीत. रोज सकाळी जाऊन ठोकायचं आणि रोज परत भरून ठेवायचं. पहिला पिस्टन सुटला तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. असे अजून पाच आहेत, एवढंच मनात आलं.

भाऊ ओट्यावरून नजर ठेवून असायचा. "त्यो मागचा आधी घे." "फडकं बदल, माती हाय त्याला." मी एकदा वैतागून म्हणालो, "गॅरेज तुझं व्हतं का माझं व्हतं?" तर म्हणतो, "गॅरेज तुझं, पर गाडी माझी." भावजय चहा ठेवून जायची. ती आमच्यात कधी बोलायची नाही. माझ्यापुढं अजून डोक्यावरचा पदर सारखा करते.

ऊन उतरलं की आवरतं घ्यावं लागे. उसाच्या कडेनं बिबट्या फिरतो, आमच्याकडं आता ते कुत्र्यामांजराइतकं रोजचं झालंय. हत्यारं गोळा करायची, इंजिनावर ताडपत्री टाकायची, कडेला दगड ठेवायचे. ते दगड उचलतानाच मला सगळ्यात जास्त दमायला व्हायचं. दिवसभराचं काम झाल्यावरचे दगड ते.

क्रँक आणि सिलिंडरांवर बसणारं हेड जुन्नरला लेथवाल्याकडं दुधाच्या पिकअपमधून पाठवलं. क्रँक आधी आला, तो मी बसवला. नवे लायनर, नव्या रिंगा, बेअरिंग सगळं घातलं. आता हेड तेवढं यायचं राहिलं होतं. ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या रात्री तयार झालं, म्हणून नवमीलाच आणायला जावं लागलं. निघताना मी सगळ्या सिलिंडरांच्या तोंडात स्वच्छ फडकी कोंबली, वर ताडपत्री टाकली आणि भावाला सांगितलं, "हात लावू नको कशाला."

"मी काय हात लावतोय? एकच तर हाय हात," तो म्हणाला.

लेथवाल्याकडं हत्यारांची पूजा चालली होती. लेथला झेंडूचा हार, पान्यांना हळद-कुंकू. त्या दिवशी हत्यार धरत नाहीत, त्यामुळं घाई करून उपयोग नव्हता. नारळ फुटला, प्रसाद मिळाला, मग हेड पिकअपमध्ये चढलं. मी भावाच्या अंगणात आलो तर इथं पण पूजा होऊन गेलेली. ब्लॉकावर हळद-कुंकवाची बोटं ओढलेली, वर अक्षता, एक झेंडूचं फूल. दर वर्षी भाऊ बॉनेट उचलून इंजिनाची पूजा करायचा, या वर्षी इंजिनच खाली होतं. काठी टेकत टेकत ओट्यावरून उतरून आला असणार. मी फूल बाजूला ठेवलं, फडक्यानं तांदूळ-कुंकू पुसून काढलं आणि दसऱ्यानंतर हेड चढवलं.

इंजिन परत गाडीत बसवायला पुतण्या आणि ती दोन माणसं आली. टायरं शेजाऱ्याकडची जुनी मिळाली, बॅटरी ट्रॅक्टरची लावली. तेल भरलं, पाणी भरलं, डिझेलच्या लायनीतली हवा काढली. वसुबारसेच्या आधी एका सकाळी मी पुतण्याला म्हणालो, "मार सेल्फ."

इंजिन दोनदा घुमलं, काळा धूर टाकला आणि चालू झालं. आवाजानं कोंबड्या पळाल्या. भावजय उंबऱ्यात आली, तिनं तोंडाला पदर लावला. मीटरवर तेलाचा काटा बरोबर उभा होता. पुतण्या केबिनीतून म्हणाला, "नाना, मानलं राव तुमाला!"

मला पाठ टेकायची होती. दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "बंद कर."

"का?"

"बंद कर आदी! टॅपेट वाजतंय. कोरडं वाजतंय."

मला ऐकू आलं होतं. टक टक टक, वरच्या अंगाला. मी म्हणालो, "नवीन हाय. थोडं चाललं की बसंल."

"बसायचं न्हाई, जाईल! तेल न्हाई वर! बंद कर रे, पोरा!"

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि इंजिन बंद केलं. मी वरचं झाकण काढलं. आतले व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे ठणठणीत. बोट फिरवलं तर तेलाचा थेंब नाही. खाली चेंबरमध्ये तेल भरपूर, काट्यावर प्रेशर आहे, आणि वर मात्र काही नाही.

"दादा," भाऊ म्हणाला. हळू म्हणाला, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं. "हात गेला तुझा."

मी पाना खाली ठेवला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी गेलो नाही. पडून राहिलो. मंडळी म्हणाली, "आंग दुखतंय का?" मी हो म्हणालो. अंग दुखतच होतं. पण हात गेला असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. अडल्यावर मध्यरात्री दार वाजवणारे ड्रायव्हर मी बघितलेत. गाडी दुसरीकडं बिघडली तरी माझ्याकडं यायचे. आणि हा, ज्याची गाडी मी घाटात उभी करून दिली, हा म्हणतो हात गेला. राहू दे म्हटलं. येऊ दे क्रेन. लावू दे साखळी.

मग भावजय आली. दाराच्या आत आली नाही, बाहेरच उभी राहिली. "दादा, त्यो भंगारवाला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येतोय. तुमी न्हाई आलात तर..." एवढंच बोलली. मग म्हणाली, "ते ट्रकाकडं पाठ करून बसलेत."

त्याला पाठ करून बसलेला मी कधी बघितला नव्हता. उठलो. चप्पल घालायला मंडळीनं मदत केली.

सगळ्यात वाईट काम म्हणजे केलेलं काम उकलणं. नवं हेड पॅकिंग आता फुकट गेलं, नारायणगावातून दुसरं मागवलं. हेडाचे नट मीच कसले होते, आता मीच सोडत होतो. पुतण्या सुट्टी घेऊन थांबला होता. भाऊ ओट्यावर पाठ करूनच होता.  हेड वर उचललं. ब्लॉकाच्या कडेला एक भोक असतं, करंगळी जाणार नाही एवढं. खालचं तेल त्याच भोकातनं वर चढतं आणि रॉकरांना पोचतं. मी त्यात सायकलची तार घातली. जाईना. वाकडी करून घातली, फिरवली आणि बाहेर ओढली.

तारेच्या टोकाला लाल चिखल आला. आणि त्या चिखलात तांदूळ.

परत घातली. अजून तांदूळ, अजून कुंकू. तेलात भिजून त्याचा असा घट्ट बूच झाला होता की बंदुकीच्या नळीत पण एवढं ठासत नसतील. पुतण्या वाकून बघत होता. त्याच्या लक्षात आलं आणि तो तोंड फिरवून हसायला लागला.

मी ते तळहातावर घेतलं. ओट्याच्या पायऱ्या चढलो. भावाच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि त्याच्या चांगल्या हातावर ते ओतलं.

"हे घे. तुझ्या अक्षता."

त्यानं बघितलं. त्याच हाताच्या अंगठ्यानं एक दाणा बाजूला केला. 

"मी म्हणलं व्हतं ह्यांना," भावजय आतून म्हणाली. "नुसतं हळद-कुंकू लावा. तर म्हणाले, डोक्यावर अक्षता पडल्याबिगर पूजा कसली? मूठभर टाकल्या."

"माझा हात गेला म्हणं!" मी म्हणालो. "इंजनाचं लगीन लावलंस तू! आता मंगळसूत्र पण घाल!"

"मग तू बघायचं न्हाई का बसवताना?" तो म्हणाला.

"मी फडक्यानं पुसलं व्हतं!"

"वरनं पुसलंस! भोकात कोण बघणार, माझा बाप?"

"बाप माझा पण त्योच हाय, त्याला मधी आणू नको! तांदूळ कुणी टाकलं?"

"पुसायचं काम कुणाचं?"

असं आमचं चालू होतं आणि मधेच त्याला हसू आलं. हसता हसता खोकला आला. भावजय पाणी घेऊन धावली. खोकला थांबला तरी तो म्हणालाच, "पर बघायला पायजे व्हतंस." यावर आमचं अजून एकमत नाही. ब्लॉक उघडा करून कोण जेवणाच्या ताटासारखा त्यावर तांदूळ सांडतो, एवढंच मी विचारतो. 

भोकं सगळी धुतली, पंपानं हवा मारली, हेड परत बसवलं. भाऊबीजेला दुपारी इंजिन पुन्हा चालू केलं. मी झाकण काढूनच ठेवलं होतं. थोड्या वेळानं रॉकरांच्या अंगाखालून तेल पाझरायला लागलं, सावकाश, सगळ्यांवरून सारखं. टकटक थांबली. भावानं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. एवढीच त्याची शाबासकी. मी पण जास्तीची मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मंचरचा माणूस आला, सोबत एक पोरगेलासा ड्रायव्हर. फोन झाला होता म्हणून क्रेन आणली नव्हती. त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला आणि मला म्हणाला, "बाबा, कशाला एवढा खटाटोप केलात? आमच्याकडं कटरलाच जायची हाय ती."

"मग कापताना बघ," मी म्हणालो. "आतलं सगळं नवं हाय."

त्याचा ड्रायव्हर दार उघडून चढायला लागला तसा भाऊ काठी घेऊन उठला. "ए, उतर खाली. सडकेपातूर मी न्हेणार."

पुतण्या म्हणाला, "आबा, पाय?"

"पाय दादा लावंल."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. उजवा पाय त्याचा चांगला आहे, ब्रेक आणि अॅक्सिलेटर तो मारू शकतो. क्लच डाव्या पायाखाली. पुतण्या आणि त्या ड्रायव्हरनं मिळून त्याला सीटवर चढवला. मी दुसऱ्या बाजूनं चढलो, इंजिनाच्या गरम झाकणावरून सरकत गेलो आणि त्याच्या पायांपाशी खाली वाकून बसलो. दोन्ही हात क्लचवर ठेवले. गुडघे म्हणाले मेलो. कोंबडीची पिसं नाकात जात होती.

"दाब," वरून आवाज आला.

मी सगळं वजन टाकून दाबला. त्यानं उजवा हात स्टिअरिंगवरून सोडून गियर टाकला. तेवढ्या वेळात स्टिअरिंग कशानं धरलं होतं देव जाणे, मला वाटतं छातीनं.

"सोड. हळू. हळू म्हणतोय!"

सोडला. ट्रकानं एक हिसका दिला, माझं डोकं डॅशबोर्डाच्या खालच्या पत्र्यावर आपटलं आणि ट्रक हलला. बाहेरचं मला काही दिसत नव्हतं. माझ्यासमोर फक्त त्याचे दोन पाय, एक काम करणारा आणि एक नुसता ठेवलेला. फाळक्यावरचा कारल्याचा वेल तुटल्याचा आवाज आला. बायका ओरडल्या, कुत्री धावली.  पहिल्या गियरवरच ट्रक अंगणातून निघाला, वळणावर वळला, आणि चाकांखालची माती संपून डांबर लागलं ते मला आवाजावरून कळलं.

"दाब," तो म्हणाला. मी दाबला. त्यानं ब्रेक मारला, गियर काढला. "सोड आता."

मला सोडला तरी सरळ होता येईना. पुतण्यानं मला आधी ओढून काढलं, मग त्याला उतरवलं. एसटीचा थांबा तिथंच आहे, त्याच्या कट्ट्यावर आम्हाला दोघांना बसवलं. तो पोरगेला ड्रायव्हर चढला आणि ट्रक नारायणगावच्या दिशेनं निघून गेला. धूर थोडा राहिला, तो पण गेला. पुतण्या मोटारसायकल आणायला घरी पळाला.

आम्ही बसून राहिलो. माझ्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्यानं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"क्लच उशिरा सोडलास तू," तो म्हणाला.

"गप बस," मी म्हणालो.